ओढ्यात पडलेली उशी

काराजार, १४ एप्रिल २००४

कुलीपा मावशी,

सलाम. मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. बुरुलसुन आपांची थोरली सून, आमची तुरसुनाय एजे, रोज झऱ्यापर्यंत चालत जाते, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ती अकरा दिवसांत एकही दिवस चाललेली नाही.

झालं ते असं. नारीनच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. बाळाची वार जागेवर आहे, गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं आहे, मागच्या वेळेसारखं काही होईल असं एकही लक्षण नाही. पण सहाव्या महिन्यातच वजन चौऱ्याण्णव किलो, रक्तदाब एकशे चाळीसला टेकलेला, साखर काठावर. "रोज अर्धा तास चालवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर दाब असाच चढत गेला तर मूल वेळेआधी काढावं लागेल, आणि मग त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही." मी हे सगळं बुरुलसुन आपांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मला चहा दिला, साय दिली. "तू म्हणशील तसं, बाळ," म्हणाल्या.

दवाखान्याची खिडकी झऱ्याच्या वाटेवर उघडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रोज सकाळी दहाला एजेचा हिरवा कोट आणि लाल रुमाल खिडकीसमोरून जायचा. पोटावर हात, चाल संथ. मी वहीत रोज बरोबरची खूण करायची. काल ओढ्याजवळ चिखल होता. हिरवा कोट थबकला, दोन पावलं मागे सरला आणि धावत येऊन ओढ्यावरून उडी मारून पलीकडे गेला. कोटातून एक उशी निसटली आणि पाण्यात पडली.

ती त्यांची धाकटी सून झिल्दिझ होती. उशी पकडायला ओढ्यातून धावत होती आणि हसत होती. मला पाहिल्यावर तिचं हसणं थांबलं.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. तुरसुनाय एजे खिडकीपाशी गादीवर बसलेली, पुढ्यात तळलेले बोरसोक आणि साय. बुरुलसुन आपाच बोलल्या. "तुझा मान राखला, बाळ. तोंडावर नाही म्हणायला आम्ही काय परके आहोत? तू दवाखान्याची, तुझी वही भरली. आमची सून घरात राहिली. कुणाचं काय बिघडलं?"

रागवावं की रडावं, मला कळेना. अकरा खुणांवर मी अकरा रेघा मारल्या. खाली लिहिलं, चालली नाही. बाजूला तारीख घातली.

गावात आणखी दोघी जड अंगाच्या गरोदर बायका आहेत. त्या म्हणतात, तुरसुनाय चालायला लागली तर आम्हीही चालू. म्हणजे सगळं तिच्यावर अडलंय. मी काय करू?

तुमची बेगिमाय


बिश्केक, २१ एप्रिल

बेगिमाय बाळा,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, म्हातारीचा श्वास अडकला. उशी! बुरुलसुनचं डोकं पन्नास वर्षांपूर्वीही असंच चालायचं. शाळेत गणिताच्या बाईंना तिने बहिणीची वही दाखवली होती, वर स्वतःचं नाव घालून.

रेघा मारल्यास ते चांगलं केलंस. तुला ते शिकवलं तो दिवस मला आठवतो. तू सात वर्षांची. बाकावर बसलीस की पाय जमिनीला टेकत नसत. माझं घड्याळ तुझ्या दंडापर्यंत सरकायचं आणि तू आलेल्या गेलेल्या प्रत्येकाचा हात धरून नाडी मोजायचीस. टपालवाल्याचीसुद्धा. बाळांना तोलायला आपण कोकरांचा ताणकाटा वापरायचो, आठवतं? त्याच्या आकड्याला माझी निळी ओढणी बांधलेली असायची. तू म्हणायचीस, "मावशी, हे बाळ दोन बटाट्यांनी कमी आहे."

इथे पाचव्या मजल्यावर राहते मी. लिफ्ट बंद पडली की मला तिचे उपकार वाटतात, कारण मग कुणी अडवत नाही आणि मी जिन्याने उतरते. इमारतीभोवती सात फेऱ्या मारते. शेजारणी विचारतात, "आजी, काही हरवलं का?"

बुरुलसुन विसरली असेल, म्हणून तुला सांगते. एकोणसत्तर साली आम्ही दोघी पोटुश्या होतो. माझ्या पोटात बाकीत, तिच्या पोटात तुझ्या या तुरसुनायचा नवरा. वरच्या कुरणापर्यंत तीन दिवसांची वाट. मेंढरं पुढे आणि आम्ही मागे. घोडे होते, पण घोड्यांवर तंबूच्या काठ्या आणि लोकरीचे जाड नमदे लादलेले. आम्ही पायीच. खिंडीपाशी बर्फ उरलेलं, खाली पिवळी फुलं. बुरुलसुन दर दहा पावलांनी म्हणायची, "कुलीपा, मी आता मरते." आणि पुढच्या दहा पावलांनी एखादी चहाडी सांगायची. तिच्या सासूने मागे वळून बघत म्हटलं होतं, "चालत्या बाईचं बाळंतपण हलकं. तुम्ही तर बोलत चालताय, तुमची मुलं उभीच जन्मतील." पुढच्या वर्षी सामूहिक शेतीचा ट्रक आला आणि पोटुश्या बायका त्यात गाद्यांवर बसून जाऊ लागल्या. ट्रकला मी वाईट म्हणत नाही. पण ती वाट गेली.

आता उपाय ऐक. डोहाळे नाकारणारी सासू आपल्या खोऱ्यात अजून जन्मायची आहे. डोहाळा अडवला तर मूल लाळेरं होतं असं म्हणतात, आणि त्याहून जास्त म्हणजे गावात नाक कापलं जातं. तेव्हा तुरसुनायला सांग, झऱ्याचं पाणी हवं म्हणावं, पण ओंजळीने, तिथेच वाकून. घागरीत आणलेलं नको. उद्या म्हणावं, टेकडीवरच्या जुनिपरचा वास हवा. फांदी तोडून आणलेली चालणार नाही, झाडाखालीच उभं राहायचंय. बघ कशी चालते ती, आणि बुरुलसुनच तिचा हात धरून नेईल.

तुझी मावशी


काराजार, २८ एप्रिल

मावशी,

पत्र कुबातच्या टॅक्सीने आलं. तीन वेळा वाचलं. बाकीत दादांचं आणि त्या वाटेचं तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतं.

उपाय चांगला आहे, पण खोटा डोहाळा शिकवायचं माझ्या मनाला पटेना. एक उशी पुरे झाली. तरी तुमचा सल्ला लपवणंही बरोबर वाटेना, म्हणून एजे तपासायला आली तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. ती काट्यावर उभी होती. आधी खूप हसली. "काट्याला आधी बसू दे," म्हणाली, "मी उभी राहिले की तोच धापा टाकतो." मग खाली उतरली, बाकावर बसली.

"खोटा कशाला," ती म्हणाली, "मला खरंच एक डोहाळा आहे. टेकडीच्या वर जिथून वरच्या कुरणाची वाट सुरू होते, तिथे बसायचंय. पहिल्या पावसानंतर तिथली माती कशी दरवळते माहीत आहे ना? रोज सकाळी उठले की तोच वास नाकात येतो."

"मग चल की. मी येते बरोबर."

"त्याच वाटेने मी मागच्या वेळी गेले होते, बेगिमाय. मेंढरांमागे अर्धा दिवस चालले. दोन दिवसांनी मूल गेलं. सातवा महिना होता." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मी त्याला चालून मारलं. सासूबाई तोंडाने बोलत नाहीत, पण तेव्हापासून मला दारापर्यंतसुद्धा एकटीला जाऊ देत नाहीत. आणि त्या चुकत नाहीत. कुलीपा मावशींनीच सांगितलं होतं तसं."

मी म्हटलं, मावशी असं म्हणणार नाहीत. ती म्हणाली, "तुझ्याच मावशींनी, आमच्याच घरात, चहा पिता पिता."

मी बुरुलसुन आपांकडे गेले. एकोणसत्तर सालची वाट त्यांना आठवते का, म्हणून विचारलं. त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. "कुलीपाने सांगितलं वाटतं! खिंडीत तिचा बूट बर्फात रुतून राहिला, ते सांगितलं का? एक पाय नमद्यात गुंडाळून चालली बया." खूप वेळ बोलत होत्या. मग मी म्हटलं, तुम्ही चाललात आणि सगळं ठीक झालं. तशी त्यांनी चहाचा कप उपडा घातला. "मी चालले तेव्हा कुलीपा सांगणारी नव्हती. चार वर्षांपूर्वी सांगितलं तिने. मी दुसऱ्यांदा ऐकायची वाट बघणार नाही."

मावशी, तुम्ही खरंच असं म्हणाला होतात का? म्हणाला असाल तर त्याला काही कारण असणार. मला ते कळायला हवं. पुस्तकात लिहिलंय की निरोगी बाईला साध्या चालण्याने असं होत नाही. पण पुस्तकापेक्षा मी तुम्हालाच आधी मानत आले.

बेगिमाय


बिश्केक, ४ मे

बाळा,

सुट्ट्यांची गडबड आहे. नातवंडं आली आहेत. सूनबाईने खिमा भरून मंती वाफवली होती, कांदा कमी पडला. माझा गुडघा परत सुजलाय, पत्र लांबवत नाही. तुला इथून काही पाठवू का? चांगल्या लोकरीचे मोजे मिळतात.

जुन्या गोष्टी जुन्याच बऱ्या. तुरसुनायला मीठ कमी दे, आणि घरातल्या घरात फिरायला सांग. तेवढं पुरे होईल.

मावशी


काराजार, ८ मे

मावशी,

मोजे नकोत. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, याचा अर्थ लावत मी चार दिवस बसले. शेवटी कपाटातून तुमची जुनी नोंदवही काढली. परवानगी न घेता काढली, हेही लिहून ठेवते.

तुमचं अक्षर पाहून आधी काही वाचवेना. प्रत्येक पानावर तारखा, आकडे, मधूनच बाळाचं वजन आणि कंसात "सुंदर." एका पानाच्या कडेला माझं लहानपणचं वाकडं अक्षर: "नाडी ७२, टपालवाला."

मग मे २०००. "तुरसुनाय, सातवा महिना, गर्भ गेला. कारण: लांब चालणे." शाई निळी, अक्षर तुमचं.

त्याच पानात एक घडी केलेला कागद होता. रक्ताचा अहवाल, जुलै महिन्याचा. ज्या तापाने मेंढ्या गाभडतात, तो तिच्या रक्तात निघालाय. खाली पेन्सिलीने सहा आठवड्यांच्या गोळ्यांचा हिशेब, तुमच्याच हातचा, शेवटच्या गोळीपर्यंत. म्हणजे तुम्ही तिला बरं केलंत. औषध कशाचं म्हणून सांगितलंत? तिला अजून वाटतं की त्या सांधेदुखीच्या गोळ्या होत्या.

आणि वरच्या ओळीवर रेघ नाही. "लांब चालणे" तसंच आहे.

तुम्ही शिकवलंत की चूक कुणाकडूनही होते, रेघ न मारणं ही दुसरी चूक. म्हणून विचारते, आणि विचारताना मला भीती वाटते. रेघ का नाही मारलीत?

काल तिचा रक्तदाब एकशे पंचेचाळीस भरला. दिवसभर ती गादीवर असते. पुढच्या आठवड्यात सातवा महिना लागतो. सगळं घर श्वास रोखून आहे.

बेगिमाय


बिश्केक, १२ मे

बेगिमाय,

बाकीतला आणि सूनबाईला बाजारात पाठवलं आणि मग लिहायला बसले. कुणी समोर असलं की मी चेष्टा करायला लागते, हे तुला माहीत आहे.

ते मूल गेलं तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. बुरुलसुन माझ्यासमोर बसली होती, माझे दोन्ही हात धरून. "सांग ना, कशाने झालं? तुला कळत नाही असं होणारच नाही." तीस वर्षं त्या गावाने मला असंच विचारलं. मला माहीत नाही, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. म्हटलं, लांब चालली म्हणून असेल. "असेल" म्हटलं होतं मी. पण त्या घरात तो शब्द टिकला नाही. वहीत तर मी स्वतःच तो लिहिला नाही.

मग जुलैत अहवाल आला. त्या वसंतात त्यांच्या सात मेंढ्या गाभडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तो ताप शेळ्यामेंढ्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो. आणि तुरसुनायला दूध द्यायचं कोण? बुरुलसुन. रोज सकाळी तांबडी शेळी स्वतः पिळून, धारोष्ण, वाटी स्वतःच्या हाताने तिच्या ओठाला लावून. "उकळलं की दुधातला जीव जातो," म्हणायची. आमच्या आया तसंच म्हणायच्या. तिने तिला जे दिलं ते जीव लावून दिलं.

मी अहवाल घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत गेले होते. बुरुलसुन अंगणात होती. त्या मुलासाठी घेतलेलं दुपटं तिने धुतलं होतं आणि दोरीवर घालत होती. कशासाठी धुतलं देव जाणे. मला बघून म्हणाली, "ये, कुलीपा, तू आलीस की बरं वाटतं." मी कागद खिशातून काढला नाही.

गोळ्या दिल्या. दूध उकळायला लावलं, जिल्ह्याचा नवा हुकूम आहे असं सांगून. ती तो अजून पाळते, मी दरवेळी कुबातला विचारते. आजारी मेंढ्यांचं जनावरांच्या डॉक्टरला गुपचूप कळवलं, त्याने त्या काढायला लावल्या. सगळं केलं. फक्त ती रेघ मारली नाही. रेघ मारली असती तर खाली बरोबर काय ते लिहावं लागलं असतं, आणि त्या ओळीत माझ्या मैत्रिणीचा हात आला असता.

तुरसुनाय ते स्वतःवर घेईल, हे मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. वाटलं, तरुण आहे, दुसरं मूल होईल, विसरेल. बुरुलसुनला विसरायला दुसरं मूल होणार नव्हतं.

बाळा, एवढं ऐक. ऑगस्टपर्यंत थांब. मूल सुखरूप हातात आलं की मी स्वतः येईन आणि बुरुलसुनपुढे सगळं बोलेन. मांडीवर नातू असला की बाई काहीही सोसते. आत्ता सांगितलंस तर ती मोडेल. तिची आणि माझी सोबत पन्नास वर्षांची आहे. खिंडीत माझा बूट रुतला तेव्हा स्वतःचा नमदा फाडून माझ्या पायाला तिनेच गुंडाळला होता. ते तिने तुला सांगितलं नसेल.

मावशी


काराजार, १४ मे, शुक्रवार

कुलीपा मावशी,

पत्र काल संध्याकाळी मिळालं. नमदा फाडल्याचं त्यांनी खरंच सांगितलं नव्हतं.

तुम्हाला दोष द्यायला मी लिहीत नाही. त्या फाटकाशी मी असते तर मीही कागद खिशातच ठेवला असता असं मला वाटतं. मी रात्रभर तुमच्या बाजूने विचार केला. ऑगस्टपर्यंत थांबता आलं असतं तर थांबले असते.

पण आज सकाळी मी तुरसुनाय एजेकडे गेले होते. दाब एकशे शेहेचाळीस. पाय सुजलेत. लघवी तपासली, ती अजून स्वच्छ आहे. फोनवर डॉक्टरीणबाईंना सगळे आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे, चालणं आत्ता सुरू झालं तर आवरता येईल. पण दर तीन दिवसांनी दाब कळवायचा, आणि एकशे पन्नासच्या वर गेला किंवा डोकं दुखायला लागलं तर त्याच दिवशी गाडीत घालून पाठवायचं. मी ते भिंतीवर लिहून लावलंय.

एजे भिंतीला टेकून बसली होती. तिने काय विचारलं माहीत आहे? "बेगिमाय, तो मुलगा होता की मुलगी? मला कुणी सांगितलं नाही. विचारायचा माझा हक्क नाही असं वाटलं." वहीत तुम्ही लिहिलंय, मुलगा. मी तिला सांगितलं. तिने पायांवर पांघरूण ओढून घेतलं. दारात बुरुलसुन आपा उभ्या होत्या. त्यांच्या हातात उकळलेल्या दुधाची वाटी होती आणि फुंकर मारून त्या ती निववत होत्या.

मावशी, आपा मोडतील, हे तुमचं खरं असेल. पण एजे चार वर्षांपासून मोडलेली आहे आणि तिच्या पोटात मूल आहे. एकीला वाचवायला दुसरीला बसवून ठेवता येणार नाही. नोंदीत तसं बसत नाही. मी दोन्ही बाजू लिहून पाहिल्या.

मी काय करणार ते सांगते, म्हणजे तुम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. आधी एकट्या बुरुलसुन आपांना भेटणार. सुनांसमोर नाही, गादीवर बसून नाही. त्यांना टेकडीच्या वाटेने बरोबर घेऊन जाणार आणि चालता चालता सांगणार. एकोणसत्तर साली दहा पावलं मरायचं आणि दहा पावलं बोलायचं असं चालत होत्या ना, तशा त्या कदाचित ऐकतील. तो हुकूम जिल्ह्याचा नव्हता, कुलीपाचा होता, आणि चार वर्षं त्यांनी तो एक दिवसही मोडला नाही, म्हणूनच हे मूल आज सुरक्षित आहे, हेही सांगणार. ते खरं आहे म्हणून सांगणार, धीर द्यायला नव्हे. मग आपांनीच ठरवायचं, एजेला त्या सांगतात की मी.

त्याच दुपारी टेकडीवर तिघींनी बसायचं, असं माझ्या मनात आहे. काल पाऊस झाला. मातीला वास आहे.

हे पत्र कुबात उद्या शनिवारी पहाटे घेऊन निघेल, संध्याकाळी तुम्हाला पोचेल. रविवारी सकाळी आठला तो परत निघतो. त्याला पुढची सीट मोकळी ठेवायला सांगितलंय, तुमच्या गुडघ्यासाठी. तुम्ही आलात तर तुम्हीच बोला, मी मागे चालेन. नाही आलात तर तुमचं बारा तारखेचं पत्र मी आपांना वाचून दाखवेन, नमद्यासकट.

तुमची नोंदवही मी टेबलावर उघडी ठेवली आहे. शेजारी पट्टी आणि निळी शाई. ती रेघ मी मारणार नाही, ती तुमची आहे. माझ्या वहीत मात्र तुरसुनाय एजेच्या नावापुढे नवीन पान काढलंय. वर फक्त तारीख घातली आहे.

सोमवार, सतरा मे. सकाळी दहा.

तुमची
बेगिमाय